ओल कुठून येते ते आधी शोधा

दिवाळीच्या आधी बडोद्यात घरांना रंग लागतो आणि दिवाळीनंतर घरांचे सौदे ठरतात. त्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांत जुनं घर घेण्याबद्दलची पत्रंच जास्त आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम सविस्तर उत्तर देते आहे. त्यात विचारलेलं इतर बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न : ताई, रावपुऱ्याजवळच्या एका पोळमधलं (जुन्या वस्तीतल्या गल्लीतलं) जुनं तीनमजली घर आम्ही घ्यायचं म्हणतोय. खाली चौक, वर सागवानी खांब आणि रस्त्याच्या बाजूला कोरीव झरोका. माझ्या सासऱ्यांचं बालपण त्याच गल्लीत गेलं, त्यामुळे घरच्या सगळ्यांचा जीव तिथे गुंतलाय. मालकांनी आतून-बाहेरून नुकताच रंग दिला आहे. दलाल म्हणतात, "सागवानाला उधई (वाळवी) लागतच नाही, बघायचं काय त्यात?" बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, त्यानेही काही हरकत घेतली नाही. एवढं पुरे का? (एक वाचक, वाडी)

उत्तर : नाही, पुरे नाही. व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. कर्ज थकलं तर घराची किती किंमत येईल, एवढंच त्याला सांगायचं असतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तो बघत नाही आणि ते त्याचं कामही नाही. तुम्हाला स्वतः बघायला हवं, आणि जुन्या घरांची कामं केलेल्या माणसाला सोबत न्यायला हवं.

आधी रंगाचं. दिवाळीला सगळेच रंग देतात, म्हणून मालकांवर संशय घ्यायचं कारण नाही. पण नव्या रंगाखाली ओल दिसत नाही, ही अडचण खरी आहे. अशा भिंतीवर मी हाताची पाठ टेकवून जमिनीपासून वर नेते. ओलीचा गारवा जिथे संपतो ती उंची हाताला कळते. मग बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरायची. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात सगळं सांगते : फुगवटे, जुन्या पोपड्यांच्या कडा, नव्या पुट्टीचा पट्टा. पुट्टी जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंतच भरलेली आणि वर जुनाच गिलावा असेल, तर तिथे लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) लागलेला होता असं समजा. आणखी एक करा. मालकांकडे घरातले जुने फोटो बघायला मागा, मुंजीचे, गौरी-गणपतीचे. माणसांच्या मागे भिंत असतेच, आणि रंग द्यायच्या आधी ती कशी होती ते फोटोत दिसतं.

आता बाहेर या आणि ओटल्याच्या पायऱ्या बघा. आपल्याकडे रस्ता नवा करताना जुना थर पुष्कळदा खरवडत नाहीत, त्यावरच नवा घालतात. रस्ता वर येत जातो आणि जोतं बुडत जातं. जिथे तीन पायऱ्या चढून आत जायचे, ते घर आज एका पायरीवर आलेलं असतं. या घरांच्या भिंतींत ओल अडवणारा थर घातलेला नसतो. उंच दगडी जोतं हेच त्यांचं संरक्षण होतं. ते जमिनीत गेलं की वरच्या विटा मातीतलं पाणी थेट ओढून घेतात. पोळमधल्या एखाद्या वयस्कर बाईंना विचारा, पूर्वी इथे किती पायऱ्या होत्या. तुमच्या सासऱ्यांनाच आठवत असेल. त्याच बाईंना हेही विचारा, ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी या घरात शिरलं होतं का, शिरलं तर कुठवर आणि किती दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर जाड भिंत आतून वाळायला दर इंच जाडीमागे साधारण महिना लागतो, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीला वर्ष-दीड वर्ष. मधल्या काळात कोणी घाईने सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ते पाणी आतच अडकलेलं असू शकतं.

मग बाजूच्या भिंती. पोळमधली घरं एकमेकांना खेटून उभी असतात आणि मधली भिंत दोघांची असते. शेजारचं घर पाडून तिथे रिकामी जागा किंवा पार्किंग झालं असेल, तर ती भिंत बाहेरच्या बाजूने जाऊन नीट बघा. ती पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. वीट भाजकी असली तरी जोड मातीचा, वर गिलावा नाही, आणि शेजाऱ्याच्या तुळया जिथून उपटल्या तिथे चौकोनी भोकं तशीच उघडी. जून ते सप्टेंबर पाणी त्या भोकांतून आत जातं, आणि त्याच भिंतीत आतल्या बाजूने तुमच्या घराच्या तुळयांची टोकं बसलेली असतात. पोळमधल्या घरांत मला सर्वांत जास्त भीती याच भिंतीची वाटते. मालकांचाही यात दोष नसतो. घर पाडलं दुसऱ्याने, आणि हे भिजत राहिलं.

भीतीची दुसरी जागा म्हणजे नंतर बांधलेले संडास-बाथरूम. ही घरं बांधली तेव्हा वरच्या मजल्यांवर पाण्याचे नळ नव्हते. पुढे लाकडी पाटांवर कोबा टाकून, फरशी बसवून कोपऱ्यात मोरी काढली गेली. ट्रॅपच्या जोडातून थेंब थेंब गळतं आणि खालच्या तक्तपोशीवर डाग पडतो. म्हणून वरचं बाथरूम कुठे आहे ते आधी पाहून ठेवा आणि बरोबर त्याच्या खालच्या खोलीत जाऊन वर बघा. तिथे फॉल्स सीलिंग लावलेलं असेल, तर एक पॅनेल काढून दाखवायला सांगा. छपरावर कौलं असतील तर दोन उतार मिळतात ती पन्हळ आणि भिंतीलगतची कड बघायची. कठड्यात पिंपळाचं रोप उगवलेलं असेल, तर तिथे भेग आहे आणि भेगेत ओल आहे.

लाकडाकडे मी इतकं सगळं झाल्यावरच वळते. ओलीशिवाय लाकूड कुजत नाही. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, तर बुरशीला जोर मिळतो. कोरड्या घरातल्या लाकडात तो साधारण १०-१२ टक्के असतो. म्हणून ओलीची जागा सापडली की लाकडाची दुखणी जागाही बहुधा तीच. तुळईच्या मध्यावर टकटक करून बघणारे पुष्कळ भेटतात. मध्याला सहसा काही झालेलं नसतं. बघायचं ते टोक, जिथे तुळई भिंतीत शिरते. कापलेलं टोक बाजूपेक्षा कितीतरी भराभर पाणी पितं, आणि भिंतीत त्याला वारा लागत नाही. भिंतीपासून वीतभर अंतरात हातोडीच्या मुठीने ठोका. निरोगी लाकूड ठणठणीत वाजतं, आतून गेलेलं भदभद बोलतं. मग मोठा टोचा घ्या, तो तंतूंना आडवा धरून अर्धा इंच आत खुपसा आणि उचकटा. चांगल्या लाकडाची कटकन आवाज होऊन लांब ढलपी निघते आणि ती एका टोकाला चिकटून राहते. कुजलेल्या लाकडाचा आखूड तुकडा टोच्याच्या टोकावरच तुटतो आणि आवाज जवळजवळ होत नाही. ही परीक्षा यंत्राशिवाय होते आणि एकदा हाताने केली की विसरत नाही. खांबांचे पाय, तळमजल्याच्या चौकटींचे बुंधे आणि जिन्याची पहिली पायरी, इथेही हेच करा. चौकटीचा पाय फरशीत गाडलेला असेल तर तिथे जास्त वेळ द्या.

दलाल सागवानाबद्दल म्हणतात ते निम्मं खरं आहे. आपला तांबेकर वाडा १९व्या शतकातला, चार मजली, आणि त्याचं लाकूडकाम आजही बघायला मिळतं. पण टिकतो तो सागाचा गाभा, तांबूस-सोनेरी आणि तेलकट. सालीलगतचं पांढुरकं लाकूड त्याच झाडाचं असलं तरी वाळवी ते खाते, भुंगाही खातो. शिवाय खांब आणि तुळया सागाच्या असल्या तरी वरच्या पट्ट्या, रीपा, नंतर बदललेल्या फळ्या सागाच्याच असतील असं नाही. तैलरंगाच्या जाड थराखाली सगळं सारखंच दिसतं. एखाद्या आडबाजूला नखाएवढा रंग खरवडून बघू द्या म्हणावं.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर घाबरून सौदा मोडू नका. एक नळी मधेच दोन इंच मोडा, जागा लक्षात ठेवा आणि आठवड्याने परत या. नळी पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी चालू आहे. जोडलेली नसली तरी ती गेलीच असं धरू नका, दुसरी वाट काढलेली असू शकते. जिन्याखाली, कोठीच्या खोलीत, देवघरामागच्या भिंतीत बॅटरी मारा. चालू वाळवीवर उपाय आहे. उभ्या इमारतीतल्या वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यात भिंतीलगत फरशीत फुटाफुटावर १२ मिलिमीटरची छिद्रं पाडून औषध जमिनीत सोडायला सांगितलं आहे. नुसतं लाकडावर रॉकेल किंवा जळकं ऑइल फासल्याने समोरची वाळवी मरते, जमिनीतलं घर तसंच राहतं. आणि ओल बंद न करता औषध मारलं, तर तो खर्च दोन-तीन वर्षांनी पुन्हा येतो.

शक्य असेल तर हे घर एकदा भर पावसात बघा. वैशाखात बडोद्यातलं कुठलंही घर कोरडं वाटतं. तुम्हाला तेवढं थांबता येणार नाही हे मला समजतं. मग आत्ताच, रंगाचा वास जायच्या आत, वर सांगितलेल्या चार जागा तरी बघून घ्या : जोतं, उघडी पडलेली सामाईक भिंत, वरचं बाथरूम आणि तुळयांची टोकं. या चारही ठिकाणी घर बरं निघालं तर जरूर घ्या. असं घर आता कोणी बांधून देणार नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात तळमजल्याच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत पोपडे सुटतात. खाली पांढरी मिठासारखी पूड पडते, रोज झाडते. दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला. आता कंत्राटदार म्हणतो, चार फुटांपर्यंत सिमेंटवर टाइल्स लावून टाकू, म्हणजे दिसणारच नाही. लावू का? (एक वाचक, बाबाजीपुरा)

उत्तर : बाई, टाइल्स लावू नका. कंत्राटदार म्हणतो ते खरं आहे, दिसणार नाही. पण भिंतीतलं पाणी आज तीन फुटांपर्यंत चढून तिथून हवेत उडून जातं. तो भाग टाइल्सनी बंद केलात तर ते उडायला जागा शोधत आणखी वर चढेल आणि पाच फुटांवर पोपडे सुटतील. वॉटरप्रूफ रंगाचंही हेच झालं. रंग आतून ढकलला गेला आणि गळून पडला.

तुम्ही रोज झाडता ती पूड क्षारांची आहे. पाणी मातीतून आणि विटांतून क्षार घेऊन येतं, पाणी उडतं आणि क्षार गिलाव्यात साठतात. हे क्षार हवेतलीही ओल ओढतात. म्हणून पाण्याची वाट बंद केल्यावरही जुना गिलावा पावसाळ्यात पुन्हा ओला दिसतो आणि लोक म्हणतात, काम फुकट गेलं. खोलीत पूर्वी गाय बांधत असतील किंवा जवळ जुना खाळकुवा (सांडपाण्याचा खड्डा) असेल, तर क्षार आणखी जास्त असतात. ओल मोजायचं यंत्रही अशा भिंतीवर फसवं उत्तर देतं. दोन सुया टोचून ते विजेचा प्रवाह मोजतं, आणि क्षार असले की भिंत आहे त्याहून ओली दाखवतं. कोणी यंत्राचा आकडा दाखवून मोठा खर्च सांगितला, तर लगेच हो म्हणू नका.

करायचं ते असं. आधी भिंतीची बाहेरची बाजू बघा. गटाराचा जोड फुटलेला आहे का, माती किंवा कोबा आतल्या फरशीपेक्षा उंच झाला आहे का, तुळशीवृंदावनाचं किंवा कुंड्यांचं पाणी तिथेच मुरतं का. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा सहा इंच तरी खाली न्या आणि पाण्याला उतार द्या. मग आतला गिलावा डागाच्या वर फूटभर उंचीपर्यंत विटेपर्यंत उतरवा. तो मलबा त्याच दिवशी घराबाहेर टाका, कारण त्यात क्षार भरलेले असतात. विटा कोरड्या ब्रशने घासा आणि भिंत उघडी ठेवा. आत्ता काढलात तर उन्हाळा संपेपर्यंत तिला वाळायला वेळ मिळेल. त्या काळात खोली वाईट दिसेल, पाहुण्यांना सांगावं लागेल, पण घाई करू नका. मग चुन्याचा गिलावा करा आणि वर चुन्याचाच रंग. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता कमी आहेत हे खरं आहे, पण आपल्या जुन्या शहरात अजून मिळतात. त्यांना आधी विचारा, चुना किती दिवस भिजवून मुरवता. उत्तर "सकाळी कालवून दुपारी लावतो" असं आलं तर दुसरा माणूस बघा.

तोवर पलंग आणि कपाट त्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. तुम्हाला खोकल्याचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर झोपायची खोली बदला. हे मी घरासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते आहे.

प्रश्न : गोत्रीला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, आठ वर्षांचा. बेडरूममधल्या कपाटामागे काळी बुरशी येते आणि कपाटाच्या तळाशी पिठासारखा भुसा पडतो. जमिनीची ओल तिसऱ्या मजल्यावर कशी येईल? (एक वाचक, गोत्री)

उत्तर : जमिनीची ओल तिथवर येत नाही. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. बुरशीसाठी आधी बघा, भिंतीच्या पलीकडे काय आहे. बाथरूम असेल तर आतल्या पाइपचा जोड किंवा फरशीच्या कडा गळत असतील. बाहेरची भिंत असेल तर गिलाव्याच्या भेगेतून पावसाचं पाणी येत असेल. ठरवायचं असेल तर कपाट सरकवून भिंतीवर दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली आहे, आणि मग कपाटामागे वारा खेळता ठेवून काम होईल.

भुसा मात्र भुंग्याचा आहे. वाळवी अशी पिठासारखी पूड पाडत नाही. भुंग्याला ओल लागत नाही. स्वस्त प्लायच्या आत वापरलेलं मऊ लाकूड त्याचं अन्न. तळ स्वच्छ पुसून तिथे काळा कागद पसरा. आठवड्याने त्यावर ताजी फिकट पूड दिसली तर कीड जिवंत आहे. एखादी फळी पोखरलेली असेल तर तेवढी बदला. कच्च्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं द्रावण चांगलं लागू पडतं. पण लॅमिनेटवरून लावून उपयोग नाही, आत शिरतच नाही.

प्रश्न : मालक लाकडाला टोचा लावू देत नाहीत, म्हणतात खूण राहते. काय करायचं? (एक वाचक, मांडवी)

उत्तर : त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. दर्शनी खांबांना हात लावू नका. तुळईची वरची बाजू, माळ्यावरचं टोक, चौकटीची मागची कड अशा जागा मागा, तिथली खूण कोणाला दिसत नाही. तरीही नाही म्हणाले तर बानाखतात (खरेदीआधीच्या करारात) लिहून घ्या की पूर्ण पैसे द्यायच्या आधी तुमच्या माणसाला फॉल्स सीलिंग आणि तुळयांची टोकं उघडून बघता येतील, आणि कूज निघाली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा होईल. "पाहणी करता येईल" एवढं मोघम लिहू नका. कोणत्या खोल्या, कोणत्या तुळया, कोण बघणार आणि कोणत्या तारखेच्या आत, हे सगळं त्यात घाला. सही करायच्या आधी तो मसुदा वकिलांना दाखवा.